लहान व्यापाऱ्याचा प्रसिद्धीखर्च : वऱ्हाडातील बाजारपेठांचा दाखला

भांडवल कोठे गुंतवावे ह्याचा विचार धंद्यात पडणारा प्रत्येक मनुष्य करतो. माल किती भरावा, दुकानाचे भाडे किती द्यावे, नोकर किती ठेवावेत, हे हिशेब तो पहिल्या दिवसापासून मांडू लागतो. परंतु आपल्याकडे अमुक माल मिळतो हे लोकांस कळावे, कळून त्यांनी यावे, आणि एकदा आलेल्याने पुन्हा यावे, ह्यासाठी पैसा कशावर खर्च करावा ह्याचा विचार बहुधा तो पैसा खर्च होऊन गेल्यावरच होतो. मालाचा हिशेब वहीत असतो. प्रसिद्धीचा हिशेब मात्र कोठेच नसतो. तो ‘करावा लागतो’ म्हणून केलेला खर्च असतो.

हा प्रश्न केवळ पेढीवाल्यांचा नाही. मध्यम स्थितीतील कुटुंबांतून आज पुष्कळ लहान धंदे निघत आहेत. कोणाचा मुलगा यंत्रांच्या सुट्या भागांचे दुकान काढतो, कोणाची सून पापड, मसाले वा शिवणकाम घरून विकू लागते. त्यामागे असलेले भांडवल बहुधा सेवानिवृत्तीचा पैसा, मोडलेला दागिना किंवा विकलेले वावर ह्यांतून आलेले असते; ते दुसऱ्यांदा उभे राहत नाही. त्यातला मोठा हिस्सा उद्घाटनाचा समारंभ, चौकातील रंगीत फलक, दिनदर्शिका आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील जाहिराती ह्यांत पहिल्या सहा महिन्यांत जातो. आणि सातव्या महिन्यात माल भरण्यास पैसा उरत नाही. अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी जाहिरातीलाच दोष देतात, व तरुण मंडळी जाहिरात कमी पडली असे म्हणतात. आमच्या मते दोन्ही पक्ष मूळ प्रश्न टाळतात. खर्च किती झाला ह्यापेक्षा तो संपल्यावर मागे काय उरले, हे आधी पाहिले पाहिजे. ह्या दृष्टीने आम्ही बुलढाणे जिल्ह्याच्या व्यापारी इतिहासाकडे पाहण्याचे योजिले आहे. कारण ह्या एका जिल्ह्यात त्या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे शेजारीशेजारी सापडतात.

प्रथम खामगाव घेऊ. १८२० च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी येथे दुकाने घातली, व तूप, सूत आणि थोडासा कापूस ह्यांची देवघेव सुरू केली. त्या काळी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापुरापर्यंत जात असे. पुढे मुंबईची वाट वाढली; १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला; आणि १८६१ ते १८६५ ह्या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाल्यामुळे हिंदुस्थानातील कापसास एकाएकी सोन्याचा भाव आला. खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची सर्वांत मोठी पेठ बनली.

परंतु ह्याच वेळी एक संकट तिच्यापुढे उभे राहिले. मुंबईहून नागपूरकडे जाणारी लोहमार्गाची मुख्य रेषा खामगावातून न जाता आठ मैलांवरील जलंबवरून गेली. गाडीची सोय ज्या गावी तेथेच माल उतरणार, हे उघड होते. अशा वेळी पेठेचा कितीही गाजावाजा केला असता, तरी गाडीवान आपली बैलजोडी आठ मैल जास्त चालविण्यास राजी झाला नसता. उपाय एकच होता, आणि तो करण्यात आला. जलंब ते खामगाव हा आठ मैलांचा फाटा सरकारी खर्चाने बांधला गेला व १८७० साली गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो ह्यांच्या हस्ते तो खुला झाला. त्याच्या आदल्याच वर्षी सुएझचा कालवा वाहतुकीस खुला झाला होता. आता खामगावात दाबून बांधलेली गाठ वाटेत बैलगाडीवर न चढता मुंबई बंदर गाठू शकत होती, व तेथून युरोपची वाटही जवळ आली होती.

हा खर्च सरकारने केला, लहान व्यापाऱ्याने नव्हे, असा आक्षेप येथे कोणी घेईल. तो खरा आहे. पण ह्या उदाहरणातून आम्ही रकमेचा नव्हे, क्रमाचा बोध घेत आहो. ग्राहक येत नाही ह्याचे कारण त्याला आपण ठाऊक नाही हे आहे, की ठाऊक असूनही येणे त्याला अडचणीचे आहे, हे आधी ठरविले पाहिजे. पहिल्या दुखण्यावर जाहिरात हे औषध आहे, दुसऱ्यावर नाही. गल्लीच्या टोकाला, जिन्यावरच्या खोलीत दुकान ठेवून त्याचा फलक बसस्थानकावर लावणारा मनुष्य आठ मैलांचा फाटा बांधावयाचे सोडून मैलाचे दगड रंगवीत बसला आहे, असेच म्हणावे लागेल. त्याने फलकाचे पैसे भाड्यात घालून दुकान खाली आणले, किंवा माल घरपोच देणारा एक मुलगा ठेवला, तर तो खर्च प्रसिद्धीच्या खात्यातच लिहावा. आणि तो बहुधा त्या खात्यातील सर्वांत फलदायी खर्च ठरेल.

पेठेपर्यंत रस्ता झाला म्हणजे पेठेवर विश्वास बसला असे मात्र होत नाही. कापसाच्या व्यापाराचा दुसरा धडा येथे आहे. भाव चढताच लबाडीही चढली. रुईत सरकी राहू देणे, वजन वाढावे म्हणून पाणी मारणे, लांब धाग्याच्या कापसात आखूड धाग्याचा मिसळणे, हे प्रकार इतके वाढले की मुंबई सरकारला १८६३ साली कापसातील लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. दुसऱ्या बाजूने पेठेत आलेल्या शेतकऱ्याचीही तशीच नागवण होई. वजनात कडता, धर्मादायाच्या नावाने कपात, मापाड्याचे व दलालाचे मनमानी हक्क, अशा नाना वाटांनी त्याच्या हाती येणारा पैसा झिजत असे.

ह्या रोगावर वऱ्हाडने जो उपाय शोधला तो पुढे साऱ्या देशाला मार्गदर्शक झाला. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजा येथे १८८६ साली हिंदुस्थानातील पहिली नियंत्रित कापूसपेठ स्थापन झाली. व १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा होऊन पेठेचा कारभार समितीकडे आला, दलाल व मापाडी ह्यांना परवाने घ्यावे लागू लागले आणि घ्यावयाचे हक्क ठरविले गेले. व्यवस्था निर्दोष नव्हती. समित्यांवर व्यापाऱ्यांचाच भरणा असे व शेतकऱ्याचा आवाज क्षीण राही, ही त्या कायद्यावरील टीका यथार्थ आहे. तथापि, तराजू खरा असणे हाच पेठेचा मोठा लौकिक आहे, आणि त्यासाठी खर्च करणे ही पेठेची गरज आहे, हे तत्त्व वऱ्हाडने इतर प्रांतांच्या आधी मान्य केले. मुंबई इलाख्यात असा कायदा होण्यास १९२७ साल उजाडावे लागले.

त्याच काळातील एक फसलेला प्रयत्नही सांगितला पाहिजे. कारण यशापेक्षा अपयश पुष्कळदा अधिक शिकविते. वऱ्हाडात पूर्वी ‘बनी’ नावाचा लांब व तलम धाग्याचा कापूस होत असे. त्याच्या जागी ‘जरी’ ह्या भरड जातीचा प्रसार होऊ लागला, तेव्हा बनीची जात टिकावी म्हणून कापूस खात्याने पुष्कळ खटपट केली. पण शेतकरी हिशेबी होता. जरीचे उत्पन्न जास्त, तिच्यातून रुईही जास्त निघे; आणि बाजार बनीला जो जास्त भाव देई तो ह्या तुटीची भरपाई करण्यास पुरेसा नव्हता. परिणामी उपदेश हरला व भाव जिंकला. बाहेरच्या बाजारात तर वऱ्हाडच्या कापसाला अमरावतीवरून पडलेले ‘उमरा’ हे एकच नाव चाले. त्या नावाखाली चांगला व वाईट माल एकत्र झाल्यावर चांगल्याने चांगले राहावे कशासाठी? ज्या गुणाचा मोबदला ग्राहक देत नाही त्या गुणाच्या वाखाणणीवर पैसा खर्च करणे व्यर्थ आहे. आपल्या मालाचा कोणता गुण ग्राहक पैसे देऊन घेतो, हे जाहिरात लिहिण्यापूर्वीच व्यापाऱ्यास ठाऊक असले पाहिजे.

१९०५ साली खामगाव तालुका अकोला जिल्ह्यातून बुलढाणे जिल्ह्यात आला. कापसाच्या पेठेबरोबर ह्या शहराने दुसरा एक लौकिक मिळविला, तो चांदीचा. ‘रजतनगरी’ हे त्याचे नाव आता सर्वतोमुखी आहे, व येथील चांदीच्या शुद्धतेची ख्याती महाराष्ट्राबाहेरही पोचली आहे. चांदीचा धंदा आमच्या विषयाला फार उपयोगी आहे. कारण ह्या मालाचा गुण विकत घेणाऱ्यास डोळ्यांनी दिसत नाही. ताम्हन शुद्ध आहे की मिसळीचे, हे घेतेवेळी त्याला कळत नाही. ते कळते पंधरा वर्षांनी, मुलीच्या लग्नात किंवा आजारपणात ती चीज मोडावयास नेतात तेव्हा. त्या दिवशी दिलेला भाव आणि धरलेली घट हीच त्या पेढीची खरी जाहिरात होय. तेथे सोसलेले चार रुपये एका कुटुंबाच्या तीन पिढ्या बांधून ठेवतात. तेथे वाचविलेले चार रुपये साऱ्या आळीला पेढीपासून तोडतात. यंत्रदुरुस्ती, औषधे, बी-बियाणे, शिकवणी, असे ज्यांचे गुण घेतेवेळी दिसत नाहीत ते सर्व धंदे ह्याच जातीचे आहेत. त्यांनी आपला प्रसिद्धीचा पैसा पहिल्या विक्रीपेक्षा विक्रीनंतरच्या वागणुकीवर अधिक लावावा.

ह्याच्या नेमके उलट उदाहरण शेगावचे. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील हे ठाणे. १९१० साली श्रीगजानन महाराजांनी येथे समाधी घेतल्यापासून येथील यात्रा वाढतच गेली. देशाच्या फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा ह्यांनी ह्या स्थानकावर कचोरी विकण्यास आरंभ केला, व त्या पदार्थाने पुढे गावाचेच नाव धारण केले. कचोरी काही चांदी नव्हे. तिचा गुण पहिल्या घासाला कळतो, आणि ती स्वस्त असल्यामुळे चाखून पाहण्यास कोणी कचरत नाही. अशा मालाला शब्दांची गरज थोडी, तोंडे मात्र पुष्कळ लागतात. ती तोंडे फलाटावर आपोआप मिळत होती. गाडी आली की नवे ग्राहक आले. गाडी सुटली की तेच ग्राहक पुडा हाती घेऊन एकीकडे नागपूरपर्यंत व दुसरीकडे मुंबईपर्यंत गेले. गावात चार गल्ल्यांपुरता राहिला असता असा पदार्थ ज्या जागेमुळे शेकडो मैल पसरला, त्या जागेचे मोल फलकांत मोजता येणार नाही.

आज महाराष्ट्रातील अनेक शहरांत ‘शेगाव कचोरी’ अशा पाट्या दिसतात, व त्या लावणाऱ्या सर्वांचा शेगावशी संबंध असतोच असे नाही. नाव मोठे झाले की ते सर्वांचे होते, ही ह्या यशाची दुसरी बाजू. ‘उमरा’ नावाखाली कापसाचे जे झाले ते कोणत्याही मालाचे होऊ शकते. म्हणून लहान व्यापाऱ्याने गावाच्या वा पदार्थाच्या नावावर सर्व भिस्त न ठेवता स्वतःची खूण, स्वतःचे नाव, प्रत्येक पुड्यावर आरंभापासूनच छापावे व त्याची रीतसर नोंदणी करावी. हा खर्च लहान आहे. परंतु नाव गाजल्यानंतर तो करण्यास जाणाऱ्यास पुष्कळदा उशीर झालेला असतो.

आतापर्यंतची उदाहरणे लोकांना आधीच हव्या असलेल्या वस्तूंची झाली. कापूस, चांदी व खाद्यपदार्थ ह्यांची गरज कोणाला पटवून द्यावी लागत नाही. परंतु ज्याचा मालच नवा आहे, त्याने काय करावे? ह्याचे उत्तर बुलढाण्याच्या पेठांत नाही. त्यासाठी दक्षिण महाराष्ट्रात, लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे गेले पाहिजे. त्यांनी १९०३ साली बेळगावी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. लाकडी नांगराने न निघणारी हरळी हा नांगर उपटून काढी. पण ते शेतात पाहिल्यावाचून पटणारे नव्हते, आणि पहिली विक्री होण्यास बराच काळ जावा लागला. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. तेथून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक काढले. प्रथम ते कारखान्याचे पत्रक होते. नांगर घेणारे व विकणारे ह्यांच्याशी संबंध राहावा एवढाच त्याचा हेतू. पण त्यात वाचनीय मजकूर येऊ लागला, त्याचा वाचकवर्ग कारखान्याच्या ग्राहकवर्गाहून मोठा झाला, ‘खबर’ हा शब्द गळून ते ‘किर्लोस्कर’ झाले, व त्याच्या जोडीला १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे आली. जाहिरातीसाठी घातलेला पैसा मराठी वाङ्मयाच्या पदरात पडला, ही गोष्ट आमच्या वाचकांस विशेष सुखावह वाटेल. व्यापारी दृष्टीनेही तो तोट्याचा नव्हता. कारण नांगर आयुष्यात एकदोनदा घेतला जातो, पण मासिक दर महिन्यास घरात येते.

ह्यावरून प्रत्येक दुकानदाराने मासिक काढावे असे आम्ही म्हणत नाही. नवा माल विकणाऱ्याने आपली स्तुती करण्याऐवजी ग्राहकाच्या उपयोगाचे काही शिकवावे, एवढेच आम्हांस सुचवावयाचे आहे. ठिबक सिंचनाची नळी विकणाऱ्याने एका वावरात ती चालवून दाखवावी. सोयाबीनचे पीठ विकणाऱ्या भगिनीने त्याच्या चार कृती छापून पुड्यात घालाव्यात. अशा खर्चातून ग्राहकाच्या पदरात काही पडते, आणि ज्याच्याकडून पडते त्याची आठवण राहते.

आता राहिला हिशेब. येथे टपालखात्याचा इतिहास उपयोगी पडतो. आपल्या देशात १८७७ साली व्ही. पी. पी. व १८८० साली मनीऑर्डर सुरू झाली, तेव्हा लहान गावचा औषधे करणारा वैद्य किंवा पुस्तके छापणारा मनुष्यही दूरच्या ग्राहकाला माल पाठवू लागला. त्या काळच्या जाहिरातींच्या तळाशी ‘पत्र लिहिताना ह्या मासिकाचा उल्लेख करावा’ अशी विनंती असे. तीत मोठे शहाणपण होते. कोणत्या जाहिरातीने किती ग्राहक आणले हे तीमुळे कळत असे. अमेरिकेतील जाहिरातलेखक क्लॉड हॉपकिन्स ह्याने १९२३ च्या आपल्या ग्रंथात हीच युक्ती शास्त्राच्या पदवीला नेली. प्रत्येक जाहिरातीच्या कुपनावर निराळी खूण घालून तो आलेली उत्तरे मोजावयास सांगतो.

हे मोजमाप लहान दुकानातही अशक्य नाही. समजा, चिखलीच्या एका बाईंनी देऊळगावराजाच्या बालाजीच्या यात्रेत पापड-मसाल्यांचे दुकान मांडण्यासाठी ६,००० रुपये खर्च केले. पुन्हा माल घेणारे गिऱ्हाईक वर्षाला त्यांना ३०० रुपये नफा देते. तर यात्रेचा खर्च वर्षात निघण्यास अशी २० गिऱ्हाइके मिळाली पाहिजेत. यात्रेतील पुड्यांवर निराळ्या रंगाची चिठ्ठी लावली, आणि मागणी नोंदविताना ‘आमचे नाव कोठे कळले?’ एवढे विचारून वहीत लिहिले, म्हणजे वर्षअखेर २० भरले की ७ हे दिसेल. ७ भरले, तर पुढच्या वर्षी यात्रा सोडावी. मग यात्रेत कितीही गर्दी झाली असो. भ्रमणध्वनीवरील जाहिरातीलाही हीच वही लागू आहे. किती जणांनी ती पाहिली हा आकडा मोठा असतो व मनाला सुख देतो. पण माल पाहणाऱ्यांस नव्हे, घेणाऱ्यांस विकला जातो. प्रथम थोडी रक्कम एका ठिकाणी घालून पाहावी, वहीने ग्वाही दिली तरच ती वाढवावी.

तेव्हा घरात नवा धंदा निघत असेल, व त्यासाठी प्रसिद्धीला एक रक्कम बाजूला काढलेली असेल, तर ती खर्च करण्यापूर्वी घरातील मंडळींनी एकत्र बसून काही प्रश्न विचारावेत. ग्राहकास आपल्यापर्यंत येणे सोपे आहे काय? आपले वजन, माप व शब्द खरे आहेत, हे त्याला कळण्याची सोय आहे काय? आपल्या मालाचा गुण दिसणारा आहे की न दिसणारा? तो जुन्या गरजेचा आहे की नवा, शिकवून विकावा लागणारा? आपले नाव पुड्यावर आहे काय? आणि आलेला ग्राहक कोठून आला, हे लिहिण्यासाठी वही ठेवली आहे काय? ह्यांची उत्तरे मिळेपर्यंत फलकवाल्यास थांबण्यास सांगावे. त्याने त्याचे काही बिघडणार नाही, आणि विकलेल्या वावराचा पैसा मात्र आणखी काही महिने हाताशी राहील.